घरी बसून कोणते काम होते?



‘टाळेबंदी’ हा आम्हा युनियनच्या माणसांचा जुना शब्द. मालक कारखान्याला कुलूप घालून मजुरांना दाराबाहेर ठेवतो, ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात तिची व्याख्या होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची रीतही होती. २०२० च्या मार्चमध्ये हाच शब्द साऱ्या देशाला लागला. २५ मार्चपासून कारखान्यांनाही कुलूप आणि घरांनाही कडी. करोनाच्या साथीत हे करणे भाग होते की नव्हते, हा आजचा विषय नाही. त्याच सुमारास आपल्या कानांवर वारंवार पडलेले एक वाक्य मात्र मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ते वाक्य असे : ज्यांना शक्य असेल त्यांनी घरून काम करावे.

कोणाला शक्य असते? आणि हे शक्य-अशक्य ठरवते कोण?

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे लिहिता लिहिता. त्यामुळे विद्वानांनी काय म्हटले आहे ते आधी सांगतो आणि मग आमच्या सोलापुरातल्या विडीच्या सुपाकडे वळतो. २०२० मध्येच अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नायमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेतला होता. त्यांची रीत साधी होती. त्या देशात प्रत्येक धंद्याचे बारीक वर्णन सरकारी पाहणीत नोंदलेले असते. या माणसाला उघड्यावर काम करावे लागते काय? यंत्र चालवावे लागते काय? लोकांशी समोरासमोर गाठ पडते काय? अशा प्रश्नांना जिथे ठळक ‘होय’ आले, तो धंदा त्यांनी ‘घरून न होणारा’ या रकान्यात टाकला. हिशेब असा निघाला की अमेरिकेतल्या शंभरांतल्या ३७ नोकऱ्या पूर्णपणे घरून होऊ शकतात, आणि देश जितका गरीब तितका हा आकडा लहान.

हिशेब खोटा नाही. शिक्षक, हिशेबनीस, संगणकावर बसणारा कारकून यांचे काम घरून होते. न्हावी, परिचारिका, बसचालक, झाडूवाले यांचे होत नाही. हे तर कोणीही सांगेल. मोलकरणीचे काम घरातच होते, पण ते दुसऱ्याच्या घरात! तरीही हा हिशेब कामगाराच्या हातांकडे पाहतो. हात काय करतात तेवढे पाहून काम घरून होईल की नाही हे कळत नाही, असे माझे म्हणणे आहे. त्या हातांपर्यंत माल कोण पोचवतो आणि तयार झालेले काम मोजून कोण घेतो, तेही पाहिले पाहिजे.

विडी घ्या. कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत वजनाने मिळते. बाई ते घरी आणते. पान भिजवते, पत्र्याच्या मापाने कापते, मांडीवर सूप घेऊन विडी वळते, तोंड मुडपते, दोरा बांधते. मजुरी हजारावर. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगार म्हणून धरली गेली. म्हणजे ‘घरून काम’ ही संगणकवाल्यांची नवलाई नव्हे. सोलापुरात, सिन्नरमध्ये, निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या हजारो घरांत तेच चालत आले आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साथीच्या आधीच, २०१९ मध्ये, जगात सुमारे २६ कोटी माणसे घरात बसून मजुरी किंवा धंदा करीत होती.

तेव्हा साथीच्या दिवसांत निदान विडीचे काम तरी अखंड चालायला हवे होते. घर तेच, सूप तेच, हातही तेच. पण काम थांबले. पहिल्या आठवड्यात बायका युनियनच्या फोनवर एकच गोष्ट विचारीत होत्या : “अण्णा, पान कधी मिळणार?” पान आणि तंबाखू कारखान्याच्या गोदामात, आणि गोदामाला कुलूप. वळून ठेवलेल्या विड्यांचा हिशेबही होईना. कारण विडी वळली म्हणून मजुरी पडत नाही. ती कारखान्यात न्यावी लागते. तिथे तपासनीस जुड्या उलगडून पाहतो, वाईट म्हणून काही बाजूला काढतो, उरलेल्या वहीत मांडतो. या बाजूला काढलेल्या विड्यांना आमच्याकडे ‘छाट’ म्हणतात. एका कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे मी मागणी नेली की गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा करा, तिथेच पान द्या आणि तिथेच विडी मोजून घ्या. बायका अंतर ठेवून येतील, त्याची जबाबदारी युनियनची. ते म्हणाले, “अण्णा, असा रिवाज नाही.”

या छाटीविषयी थोडे विषयांतर करतो, कारण इथे कायद्याने मोठी गमतीची गोष्ट केली आहे. घरी वळणाऱ्या बायकांना भविष्यनिर्वाह निधी लागू होतो काय, हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालक म्हणत होते, बाई आपल्या घरात आपल्या सवडीने काम करते, आमची तिच्यावर देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी? १९८५ साली न्यायालयाने निकाल दिला की वाईट विडी नाकारण्याचा मालकाचा हक्क हीच देखरेख, आणि घरी वळणाऱ्यांना निधी लागू. ज्या छाटीपायी आमच्या बायका जन्मभर रडल्या, तिनेच त्यांना कामगार ठरवले!

आता दुसऱ्या टोकाची हकीकत पाहा. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या ज्या कंपन्या आहेत, त्यांच्या नोकरांना घरून काम करू देणे २०२० पर्यंत सोपे नव्हते. दूरसंचार खात्याचे नियम होते, मोठी अनामत भरावी लागे. मार्च २०२० मध्ये खात्याने ते नियम सैल केले. कंपन्यांनी संगणक गाड्यांत घालून नोकरांच्या घरी पोचवले, तारांची सोय केली. काल जे अशक्य होते ते आठ-पंधरा दिवसांत शक्य झाले. मला त्यांचा मत्सर नाही. त्यांचीही पोरे आजारी पडली, त्यांचेही कामाचे तास रात्री-अपरात्रीपर्यंत लांबले. पण फरक ध्यानात घ्या. एकीकडे मालकाने कचेरी उचलून नोकराच्या घरी नेली. दुसरीकडे घरच कारखाना होऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या, आणि तिथे चार किलो पान पोचले नाही.

मजूर घरी गेल्यावर काय होते याचा मुंबईने १८९६ मध्ये अगदी उलटा अनुभव घेतला आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. गिरणीचा माग काही कोकणातल्या घरी नेता येत नव्हता, त्यामुळे मजूर गावी गेला की माग थांबला. मालकांची धांदल उडाली. महिनोन्‌महिने पगार अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज पैसे मोजू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये त्याच साथीत गेले. तेव्हा मजुराला निदान निघून जाता आले आणि त्याच्या जाण्याला किंमत होती. २०२० मध्ये गाड्या बंद होत्या. लोक चालत निघाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

बरे, जे घरी बसून काम करीत होते त्यांचे काम कोणाच्या जोरावर चालले होते? ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे घालवण्याचे आवाहन झाले होते. देशाची विजेची मागणी त्या वेळी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत चढली. अशी उडी सांभाळली नाही तर जाळे कोसळते आणि देश अंधारात जातो. जलविद्युत केंद्रांचे उत्पादन आधी उतरवून, मग चढवून ती सांभाळली गेली. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातले कर्मचारी त्या रात्री आपल्या जागेवर होते, घरी नव्हते. बँकेचा रोखपालही घरी नव्हता. सरकारने बायकांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचपाचशे रुपये टाकले. पण यंत्रातला आकडा हातात नोट होऊन पडायला खिडकीपलीकडे माणूस लागतो. आमच्या विडीवाल्या बायका त्या रांगेत मी उन्हात उभ्या पाहिल्या आहेत.

आणि घर म्हणजे तरी काय? दहा बाय दहाच्या खोलीत नवरा, सासू, तीन पोरे आणि तंबाखूची पाटी. घरातला एक खोकू लागला तर त्याला कोठे वेगळे ठेवणार? आमच्याकडे कित्येकांचे यंत्रमागही घराला लागूनच आहेत. माग घरात असला, तरी बीम बाहेरून यायचे आणि चादर व्यापाऱ्याने न्यायची. तेही बंदच पडले.

टाळेबंदीच्या काळातली मजुरी पूर्ण द्या, असा केंद्र सरकारचा २९ मार्च २०२० चा हुकूम होता. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-मजुरांनी आपसात बोलणी करावीत असे सांगितले. बोलणी करायची तर महिन्याची मजुरी तरी सांगता आली पाहिजे. जिची मजुरी हजारावर मोजली जाते, तिने न वळलेल्या विड्यांचा आकडा कोठून आणायचा? आम्ही मागील बारा महिन्यांची सरासरी धरावी असे म्हटले. मालक म्हणाले, काम नाही तर हजार नाही.

पुढच्या करारासाठी आम्ही दोन कलमे लिहिली. साथीमुळे कारखाना बंद राहिला तर पान-तंबाखू मोहल्ल्यात आणून द्यायचे आणि विडी तिथेच मोजून घ्यायची, हे पहिले. माल देता आला नाही तर त्या दिवसांची मजुरी मागल्या वर्षाच्या सरासरीने द्यायची, हे दुसरे. पहिल्यावर बोलणी पुढे सरकली. टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे एवढ्यावर अडली आहेत. दुसरे वाचून झाल्यावर समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. तो मसुदा माझ्या पिशवीत आहे. कोणाला पाहायचा असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.