लेकरांची मोजणी

आमच्या नागापुरात एम.आय.डी.सी.च्या कारखान्यांत सारी हयात घालविलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. आमच्या शेजारचे काका त्यांपैकीच. त्यांचा धाकटा मुलगा मेलबर्नला स्थायिक झाला आहे. आईवडिलांनी आता कायमचे आपल्याजवळ राहावे, ही त्याची इच्छा. त्याने पाठविलेले इंग्रजी नियम वाचून समजावण्याचे काम माझ्याकडे आले; कारण आळीत कॉलेजात जाणारी मी एकटीच.

ऑस्ट्रेलियात आईवडिलांना कायमच्या वास्तव्याचा व्हिसा हवा असेल, तर आधी एक कसोटी लागते. तिला 'कुटुंब-संतुलनाची कसोटी' म्हणता येईल. एकूण अपत्यांपैकी निदान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी हवीत. किंवा इतर कोणत्याही एका देशात राहणाऱ्या अपत्यांपेक्षा तेथील अपत्ये जास्त हवीत. चार अपत्यांपैकी दोन तेथे असली तर जमते. पाचांपैकी दोन तेथे व उरलेली तीन तीन निरनिराळ्या देशांत असली तरीही जमते. एकुलते एक अपत्य तेथे असेल तर प्रश्नच नाही. सावत्र व दत्तक अपत्येही मोजली जातात. मायेच्या किंवा अडचणीच्या कारणाने ही कसोटी माफ होत नाही.

काकांची थोरली मुलगी राहुरीला दिलेली, मधला मुलगा चाकणला. म्हणजे भारतात दोन, तिकडे एक. हिशेब तेथेच संपला.

कसोटीला उतरले तरी रांग आहेच. कमी शुल्काच्या प्रकारात नव्या अर्जाला तीसहून अधिक वर्षे लागतील, असा तेथील सरकारचाच अंदाज आहे. २०१९ पासून मात्र एक तात्पुरता व्हिसा निघाला आहे. त्याला ही मोजणी लागत नाही. तो एका वेळी तीन किंवा पाच वर्षांचा, सगळा मिळून दहा वर्षांपर्यंत मिळतो. पण त्यावर नोकरी करता येत नाही. अमेरिकेत भावंडे मोजत नाहीत. बोलावणारे अपत्य तेथील नागरिक व एकवीस वर्षे पूर्ण केलेले असावे लागते. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके कडक केले, की दैनंदिन शुश्रूषेची गरज असलेल्या व ती मायदेशी न मिळणाऱ्या आईवडिलांनाच वाट उरली.

मी हे सांगितले तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हंजी, थोरलीबी धरली व्हय त्यांनी?" मी "हो" म्हटले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आपण तर जमिनीच्या वक्ताला तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतली."

आपल्याकडेही २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवर टाकली. मोजणी झालेली आहे. ती आपण घरात मानत नाही, इतकेच.

तात्पुरत्या व्हिसाचे काय ते मुलगा विचारून कळविणार आहे. तोवर काकूंनी राहुरीला फोन लावला. दिवाळीला नव्हे, उगीचच.