घरच्या ताटासाठी काय निवडावे : जवळचा माल की सेंद्रिय माल?

कापूस, सोयाबीन किंवा ऊस घेणारी अनेक कुटुंबे भाजी मात्र आठवडी बाजारातून विकत आणतात. मग घरात प्रश्न येतो, की गावच्या माणसाकडची स्वस्त भाजी घ्यावी की शहरातून ‘सेंद्रिय’ लिहिलेले महाग पाकीट आणावे? उत्तर देण्याआधी या दोन शब्दांचा अर्थ वेगवेगळा आहे हे लक्षात घ्या.

‘जवळचा’ आणि ‘सेंद्रिय’ म्हणजे काय?

जवळचा माल म्हणजे कमी अंतरावरून आलेला, ताजा माल. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतील ‘क’ जीवनसत्त्व तोडणीनंतर वेगाने कमी होते, म्हणून ताजेपणाला महत्त्व आहे. पण जवळचा म्हणजे बिनफवारणीचा, असे मात्र नाही.

सेंद्रिय माल म्हणजे रासायनिक खते व कृत्रिम कीडनाशके न वापरता पिकवलेला माल. तो लांबून आला असेल तर शिळाही असू शकतो.

अवशेष राहतात कसे?

भेंडीचे उदाहरण घ्या. भेंडीची तोडणी एक दिवसाआड होते. फवारलेल्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ ७ दिवस असेल, तर त्या काळात ३ तोडे येतात. नियमाने हे तोडे विकायचेही नाहीत आणि खायचेही नाहीत. पण भेंडी जून होते, बाजारभाव हातचा जातो, म्हणून माल बाजारात जातो. वांगी, मिरची, काकडी, गवार या वारंवार तोडणीच्या पिकांत हाच धोका असतो.

दुसरी चूक म्हणजे कपाशीसाठी आणलेले उरलेले औषध घरच्या वांग्यावर मारणे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास बंदी आहे ती उगाच नाही. ज्या पिकाचे नाव लेबलवर नाही, त्या पिकावर ते औषध वापरू नका.

भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने पृष्ठभागावरचा अंश बराच कमी होतो. परंतु आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनते. ते धुऊन जात नाही.

‘सेंद्रिय’ कसे ओळखावे?

- पाकीटबंद मालावर सेंद्रिय प्रमाणीकरणाचे अधिकृत चिन्ह पाहा. प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती आहेत : त्रयस्थ संस्थेमार्फत होणारी एनपीओपी आणि शेतकरी गटांनी एकमेकांची शेते तपासण्याची पीजीएस-इंडिया.
- ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे शेत अजून रूपांतरणाच्या काळात आहे. ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला आहे.
- ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘देशी’ हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.
- थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे कागद नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. त्याचे शेत पाहा.

निवड कशी करावी?

१. नाशवंत माल जवळचा घ्या. पालेभाज्या, भेंडी, वांगी, टोमॅटो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. त्याला दोनच प्रश्न विचारा : शेवटची फवारणी कधी केली आणि कोणत्या औषधाची? उत्तर देताना तो चाचरला, तर त्या आठवड्यात दुधी, दोडका, कांदा, रताळे, सुरण घ्या. यांची साल काढता येते.

२. टिकाऊ माल सेंद्रिय घेता येतो. डाळी, मसाले, गूळ लांबून येतात आणि पिकवणाऱ्याला विचारता येत नाही. जादा पैसे खर्चायचे असतील तर इथे खर्चा. अर्थात घरची तूर, ज्वारी असेल तर विकतची गरजच नाही.

३. रानभाज्या जपून तोडा. तांदुळजा, घोळ, कुर्डू उत्तम. पण तणनाशक मारलेल्या बांधावरच्या किंवा फवारलेल्या पिकातल्या तोडू नका.

४. पैसे कमी असतील तर महाग सेंद्रिय थोडे आणण्यापेक्षा साधी भाजी, डाळ आणि फळे रोज व पुरेशी खा. फवारणीच्या भीतीने मुलांच्या ताटातली भाजी कमी करणे हे जास्त नुकसानीचे आहे.

सर्वांत खात्रीचा मार्ग : परसबाग

एक गुंठा जागा पुरेशी आहे. फवारणीच्या शेताचा वारा व पाणी येणार नाही अशी बाजू निवडा. मेथी, पालक दर १५ दिवसांनी थोडे-थोडे पेरा. कडेला शेवगा व कढीपत्ता लावा. वांग्यातील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी किडके शेंडे आठवड्यातून एकदा खुडून नष्ट करा आणि कामगंध सापळा लावा. रसशोषक किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क वापरा : अर्धा किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून पाणी १० लिटर करा, थोडा साबणाचा चुरा मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घरासाठी बिनफवारणीचा वाफा वेगळा आणि बाजारासाठी वेगळा, असे आपल्यापैकी अनेकजण करतात. पण आठवडी बाजारात आपण जी भाजी घेतो, ती दुसऱ्या कोणाच्या तरी ‘बाजाराच्या’ वाफ्यातलीच असते. म्हणून फवारणीची तारीख व औषधाचे नाव वहीत लिहा आणि प्रतीक्षा काळ संपल्यावरच तोडा. सगळ्यांनी एवढे पाळले, तर गावची भाजी डोळे झाकून घेता येईल.