भांड्यातले भांडवल

नाशिकच्या भांडी बाजारात पितळेचे पातेले पसंत पडले, की आधी त्याचे वजन होते आणि मग प्रश्न येतो, ‘नाव काय घालायचं?’ हातातले छोटे यंत्र खर्रर्र करते आणि काठाशी आहेर देणाऱ्याचे नाव उमटते. नव्या संसाराचा ऐवजच तो.

‘भांडे’ या शब्दातही हा ऐवजाचा अर्थ मुरलेला आहे. संस्कृतातले ‘भाण्ड’ म्हणजे केवळ पात्र नव्हे. व्यापाऱ्याचा विकाऊ मालही भाण्डच. तो ठेवायची जागा भांडागार, त्याचे झाले भांडार. मालात घातलेली रक्कम ‘भाण्डमूल्य’, तेच आपले भांडवल. ‘भांड्याला भांडे लागणारच’ असे आपण म्हणतो, पण भांडणाचे कूळ वेगळे. ते ‘भण्डन’ या शब्दावरून आले.

आणि भांडी घडवणाऱ्यांकडे भांडवल राहत असे, याचा पुरावा नाशिकलाच आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या कारागीर श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्यांत तेली होते आणि कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभारही. चाकावर मडकी घडवणाऱ्यांच्या शब्दावर केवढा हा विश्वास! जुन्नरच्या लेण्यांत ‘कासाकार’ भेटतात. काशाचे काम करणारा कांस्यकार, तोच आपला कासार.

धातूने भांड्यालाही नाव दिले: तांब्याचा म्हणून तांब्या, तो मठारणारा तांबट. गंमत अशी, की ‘तांब्या-भांडे’ म्हणताना भांडे म्हणजे फक्त पाणी प्यायचा पेला. पळी, डाव घरचे. चमचा मात्र मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला.

पितळ-तांब्यात आंबट कळकते, म्हणून कल्हई. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचे, की आतून चांदीसारखा थर चढतो. स्टील आले आणि ही दगदग गेली, ते सोयीचेच झाले. पण तिच्याबरोबर गडू, घंगाळ, तसराळे, ओगराळे ही नावेही चालली आहेत, आणि हे नुकसान मोठे आहे.

माळ्यावरची जुनी भांडी मोडीत देण्याआधी घरातल्या जाणत्या बाईला एकेकाचे नाव विचारा आणि लिहून ठेवा.