ट्रेलरचा टायर एकाच कडेला का घासतो?

1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि उरण, पनवेल, कळंबोलीच्या पट्ट्यात कंटेनर वाहतुकीचा मोठा धंदा उभा राहिला. या धंद्यात डिझेलच्या खालोखाल जीव खाणारा खर्च टायरचा. तरीही टायर वेळेआधी गेला की कारण शोधण्याऐवजी ठरलेली उत्तरं दिली जातात: टायरचा माल हलका होता, रस्ता खराब होता, ड्रायव्हरने गाडी नीट चालवली नाही. खरं तर टायर कुठे आणि कसा घासला हे पाहिलं, तर बहुतेक वेळा बिघाडाची जागा सापडते. इथे बोलतोय ते दोन अ‍ॅक्सल आणि आठ टायरच्या, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेल्या ट्रेलरबद्दल.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा: अलाइनमेंट घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, करायची, ट्रेलरला स्टिअरिंगच नाही तर त्याची कसली अलाइनमेंट? स्टिअरिंग नाही हे खरं, पण दोन्ही अ‍ॅक्सल ट्रेलरच्या लांबीला काटकोनात आणि एकमेकांना समांतर असावेच लागतात. समजा मागच्या अ‍ॅक्सलचं एक टोक पुढच्या अ‍ॅक्सलच्या हिशेबाने 10 मिलिमीटर सरकलं. दोन मीटर रुंदीत 10 मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाहीत. पण त्या तिरकेपणाने चाक एक किलोमीटर पुढे जाताना साधारण 5 मीटर आडवं जायला बघतं. पुढचा अ‍ॅक्सल त्याला तसं जाऊ देत नाही, मग ही ओढाताण दोन्ही अ‍ॅक्सलचे टायर सोसतात. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरांत ही आडवी ओढ साडेतीन किलोमीटर भरते. तेवढं रबर रस्त्यावर झिजतं आणि ती ओढ भरून काढायला डिझेलही जळतं.

मोजणी गॅरेजमध्ये साध्या पोलादी टेपनेही करता येते. सपाट जागेवर ट्रेलर थोडा सरळ पुढे ओढून घ्यायचा, म्हणजे पाटे आणि बूश आपापल्या जागी बसतात. रिव्हर्स घेऊन लावलेल्या ट्रेलरची मापं चुकतात. मग किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या पिनपासून, पुढच्या अ‍ॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. त्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. त्यानंतर दोन्ही अ‍ॅक्सलच्या केंद्रांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजायचं. इथे सवलत त्याच्या निम्मीच, दीड मिलिमीटर. दुसरं माप जास्त कडक असण्याला कारण आहे. दोन्ही अ‍ॅक्सल सारखेच तिरके पण समांतर असतील, तर ट्रेलर घोड्यामागे तिरपा चालतो आणि ड्रायव्हरला सतत स्टिअरिंग धरून राहावं लागतं, तरी ट्रेलरचे टायर एकमेकांविरुद्ध ओढले जात नाहीत. समांतरपणा बिघडला की मात्र नक्षी झपाट्याने जाते. ही झीज हाताला कळते. तळवा नक्षीवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर आडवा घासला जातोय.

अ‍ॅक्सल सरकतो कशाने? यू-बोल्ट ढिले पडतात, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, टॉर्क आर्मचे रबरी बूश संपतात, हँगर वाकतो. खाली वाकून पाट्याखालच्या सीटजवळ बघा. रंग उडून चकाकणारी ताजी रेघ किंवा यू-बोल्टच्या बाजूने उतरलेली गंजाची लाल पट्टी दिसली, तर तिथे काहीतरी हलतंय. हे आधी दुरुस्त करायचं आणि मग अलाइनमेंट. सैल बूश तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट फार टिकत नाही.

“दोन अ‍ॅक्सल आले की टायर घासणारच,” असंही ऐकायला मिळतं. हे अर्धं खरं आहे. न वळणारे दोन अ‍ॅक्सल आखूड वळणात एकाच केंद्राभोवती फिरू शकत नाहीत, त्यामुळे टायर थोडे आडवे घसटतात. यार्डातल्या अवघड वळणांत हे रोज होतं आणि टाळता येत नाही. पण अशी झीज दोन्ही बाजूंच्या टायरांवर कमी-जास्त सारखी दिसते. आठांपैकी एकच टायर किंवा एकाच टोकाची जोडी खाल्ली जात असेल, तर तो वळणांचा दोष नव्हे. टायर कंपनीला बोल लावण्याआधीही हाच प्रश्न विचारावा: तोच माल बाकीच्या जागांवर नीट चालत असेल, तर दोष त्या जागेत आहे.

आता हवेबद्दल. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. हे बहुतेकांना माहीत असतं. अडचण जोडीतल्या आतल्या टायरची आहे. त्याच्या वॉल्व्हपर्यंत हात नीट जात नाही, म्हणून टॉमी मारून आवाजावर अंदाज घेतला जातो. पूर्ण बसलेला टायर आवाजावर सापडतो, 20 टक्के हवा कमी असलेला सापडत नाही. त्यासाठी गेजच लागतो, आणि तोही गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा काढली, की टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

जोडीला हाताला लागेल तो टायर लावणं तितकंच वाईट. नव्या टायरशेजारी झिजलेला टायर लावला आणि व्यासात 6 मिलिमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक फेरीला सुमारे 19 मिलिमीटरचा फरक येतो. 10.00-20 मापाचा टायर किलोमीटरला साधारण 300 फेऱ्या घेतो, म्हणजे फरक 5 मीटरच्या वर गेला. दोन्ही चाकं एकाच हबला बांधलेली, त्यामुळे लहान टायर फरफटत जातो आणि मोठा टायर जास्त वजन घेतो.

ओव्हरलोडबाबत “टायर सोळा प्लायचा आहे, सोसेल” असं म्हटलं जातं. टायर एक वेळ सोसेल, अ‍ॅक्सलचं काय? 2018 साली केंद्र सरकारने अशा जोड म्हणजे टँडम अ‍ॅक्सलची मर्यादा 19 टनांवरून 21 टन केली. आठ टायरांत सारखी वाटणी झाली तरी एकेकावर 2.6 टन येतात. त्यापलीकडे वारंवार भरलं की अ‍ॅक्सलचा मधला भाग कायमचा वाकू शकतो, चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायरांच्या आतल्या कडा जायला लागतात. तो वाक टेपने मोजून अंतरं जुळवल्याने जात नाही.

नक्षीवर ठरावीक अंतराने खड्डे पडले तर फक्त बॅलन्सिंगवर थांबू नका. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा आणि बेअरिंगचा ढिलेपणा बघा. एकाच ठिकाणी सपाट चट्टा पडला असेल तर ब्रेक धरून राहतोय. रिकामा ट्रेलर उसळतो, तेव्हा हे लवकर होतं.

आणि टायर फिरवणं हा या कशावरही इलाज नाही. वाकड्या अ‍ॅक्सलवरचा टायर काढून दुसरीकडे लावला, तर खराब जागेत नवा टायर जातो आणि जुन्यावरची खूण पुढच्या हजार-दोन हजार किलोमीटरांत पुसट होते. गाडीमालकांना माझं एवढंच सांगणं आहे: टायर उतरवण्याआधी त्याच्यावर खडूने अ‍ॅक्सल, बाजू आणि आतला की बाहेरचा हे लिहून ठेवा, फोनवर फोटो घ्या, आणि मिस्त्रीला आधी टेप लावायला सांगा.