चीजकेक घेताय? आधी पारखा!

काचेच्या कपाटातला देखणा तुकडा आणि त्यावरची भारी किंमत पाहून भुलू नका. ज्या जिभेला घरच्या चक्क्याची पारख आहे, तिला चीजकेकचीही पारख करता येते. फक्त काय पाहायचे, ते ठाऊक हवे.

बंगळुरूच्या यशवंतपूर भागाची जुनी ओळख म्हणजे रेल्वे स्थानक आणि कांद्याचा घाऊक बाजार. महाराष्ट्रातला कांदा इथल्या यार्डात उतरतो आणि मिरज-बेळगावकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस याच स्थानकावर थांबते. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र या भागाचे रूप पालटले. २००३ साली एका जर्मन कंपनीने भारतातली आपली पहिली घाऊक दुकाने बंगळुरूत काढली, त्यातले एक यशवंतपूरला होते. २०१४ मध्ये मेट्रो रेल्वे आली. पुढच्याच सँडल सोप फॅक्टरी स्थानकाजवळ ओरायन मॉल उभा आहे. नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या वाढदिवसाला आता क्रीमच्या केकबरोबर चीजकेकचेही नाव निघते.

प्रश्न येतो तो किमतीचा. चांगल्या म्हणवणाऱ्या दुकानात एका तुकड्याला दोनशे रुपयांच्या वर मोजावे लागतात. चौघांचे कुटुंब म्हटले की हिशेब हजाराच्या घरात जातो. एवढे पैसे नेमके कशाचे?

चीजचा की नुसत्या नावाचा?

चीजकेक हा प्रकार नवा नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकाने आपल्या शेतीवरच्या ग्रंथात ताजे चीज आणि पीठ मळून भाजलेल्या पदार्थाची कृती दिली आहे. आजचा चीजकेक मात्र क्रीम चीजवर उभा आहे. हे मऊ, किंचित आंबूस चीज १८७२ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तयार होऊ लागले. तिथल्या नियमानुसार त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणजे ते महाग असणारच. खऱ्या चीजकेकची किंमत बरीचशी इथे खर्च होते.

हात आखडायचा तर दुकानदार चीज कमी करतो. त्याऐवजी चक्का, कन्डेन्स्ड मिल्क किंवा वनस्पती तेलापासून केलेले फेटायचे क्रीम घालतो. चक्का घालणे हा काही गुन्हा नव्हे. त्याचा केक चविष्टही होतो, पण तो श्रीखंडाच्या अंगाने जातो. त्याला चीजकेकची पूर्ण किंमत द्यायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे. वनस्पती तेलाची गोष्ट वेगळी. लोण्यातला स्निग्धांश तोंडातल्या उबेने विरघळतो. काही वनस्पती तुपे तशी विरघळत नाहीत आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. तुकडा खाल्ल्यावर पाण्याचा घोट घ्या. टाळू तरीही चिकट, तुपकट वाटली तर समजावे की मामला चीजचा कमी आणि तेलाचा जास्त आहे.

भाजलेला, गोठवलेला आणि काळा

दुकानात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला भाजलेला, न्यूयॉर्क पद्धतीचा. यात अंड्यामुळे चीज घट्ट होते. चांगला भाजलेला तुकडा दाट असतो, पण जिभेवर रेशमासारखा पसरतो. रवाळ लागला किंवा वर मोठी भेग दिसली तर तो भट्टीत जास्त वेळ राहिला असे समजावे.

दुसरा न भाजता फ्रिजमध्ये घट्ट केलेला. बिनअंड्याचा केक बहुधा असा असतो. त्याला आकार देण्यासाठी जिलेटिन किंवा चायना ग्रास घालतात. जिलेटिनचा तुकडा दाबला तर किंचित उसळतो आणि तोंडात वितळतो. चायना ग्रास तोंडात वितळत नाही, म्हणून ते जास्त झाले की तुकडा जेलीसारखा कचकन तुटतो.

तिसरा वरून जवळजवळ करपलेला, मध्ये लिबलिबीत. हा बास्क चीजकेक स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातला. तिथल्या ला विन्या या उपाहारगृहात १९९० च्या सुमारास तो सुरू झाला. त्याचा काळेपणा हा दोष नव्हे. साखर भाजल्याचा किंचित कडसर वास हीच त्याची खूण. राखेसारखा कडूपणा मात्र क्षम्य नाही.

शाकाहारी घरांसाठी

बिनअंड्याचा म्हणजे शाकाहारी, असे समजून अनेक घरांत फसगत होते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. उपवास किंवा सोवळे पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या ताटात असा तुकडा नकळत गेला, तर पैसे परत मिळून समाधान होत नाही.

बंद डब्यावर शाकाहारासाठी चौकोनात हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो. आपल्या नियमात अंडेही मांसाहारातच मोडते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणून यादीत चीज कितव्या जागी आहे ते पाहा. साखर आणि वनस्पती तेल आधी, चीज शेवटाकडे, असे असेल तर डबा खाली ठेवावा. सुटा तुकडा घेताना मात्र वाचायला काही नसते. तिथे "अंडे आहे का?" एवढे न विचारता "जिलेटिन आहे का?" हेही स्पष्ट विचारावे.

थंडाव्याचे पैसे

बेळगावचा कुंदा रात्रभर रेल्वेने प्रवास करून यशवंतपूरला उतरला तरी बिघडत नाही. दूध आटवून आटवून त्यातले पाणी गेलेले असते आणि साखर भरपूर असते. चीजकेकमध्ये पाणी जास्त. तो पाच अंशांच्या आत थंड ठेवावा लागतो आणि बाहेर दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. बंगळुरूची वाहतूक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. दूरच्या नामवंत दुकानातून मागवलेल्या केकपेक्षा जवळच्या दुकानातून थंड पिशवीत आणलेला केक बरा.

शिळेपणा तळाशी कळतो. खालचा बिस्किटांचा थर लोणी घालून दाबलेला असतो. तो खुसखुशीत आणि कोरडा हवा. ओला, लगदा झालेला तळ म्हणजे तुकडा बरेच दिवस कपाटात बसून आहे. कडा सुकून पिवळसर झाल्या असतील तरी तेच.

घरीच भरवा स्पर्धा

दोन-तीन दुकानांचे तुकडे आणायचे ठरले तर सर्वांनी एकच प्रकार घ्यावा, तोही साधा. चॉकलेट आणि ब्लूबेरीखाली पुष्कळ दोष झाकले जातात. खोके काढून टाका, बशांना क्रमांक द्या. किंमत कुणालाही आधी सांगू नका. फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबा, कारण अतिथंड पदार्थाची गोडी आणि वास जिभेला नीट कळत नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये पाणी प्या. गुण एकूण पन्नास:

• चव – १५ गुण. आधी दुधाची गोडी, मग हलका आंबटपणा. नुसती साखर लागली तर निम्मे गुण कापा.
• पोत – १५ गुण. गुठळी नको, रबर नको.
• तळ – १० गुण. खुसखुशीत आणि किंचित खारट.
• मागे राहणारी चव – ५ गुण. टाळू स्वच्छ राहिली पाहिजे.
• किमतीला न्याय – ५ गुण. हे गुण सगळ्यात शेवटी, किंमत उघड केल्यावर द्यावेत.

मुलांनाही गुण देऊ द्या. चक्का आंबट झालाय की नेमका जमलाय, हे ज्यांनी घरी लहानपणापासून चाखले आहे, त्यांना आंबट-गोडाचा तोल शिकवावा लागत नाही. आणि बेरीज झाल्यावर स्वस्त बशी पहिली आली तर खट्टू होऊ नका. पुढच्या वाढदिवसाला कुठे जायचे, ते तरी पक्के झाले!