पेशी वेस ओलांडते तेव्हा
लेखांक ६

“गाठ साधीच आहे ना हो, डॉक्टर?” या एका प्रश्नात सगळ्या घराचा जीव अडकलेला असतो. पेशींचं विभाजन कुठे आणि कसं थांबतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते थांबलं नाही की गाठ होते. पण प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. हा फरक गाठीच्या आकारावर ठरत नाही आणि दुखण्या-न दुखण्यावर तर मुळीच नाही. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. ‘दुखत नाही, मग दाखवायची कशाला’ या समजुतीने फार घात केला आहे.

गर्भाशयातला फायब्रॉइड घ्या. स्नायूच्या एका पेशीत बदल होतो, तिची पिल्लावळ वाढत जाते आणि गाठ कधीकधी काही किलोंचीही होते. तरी तिच्या पेशी मूळ स्नायूपेशींचं वळण सोडत नाहीत. गाठ शेजारच्या स्नायूला रेटते, त्यात घुसत नाही. म्हणून तर सर्जनला ती साल सोडवावी तशी अलगद सुटी करता येते. स्त्री-संप्रेरकांवर पोसलेली असल्याने पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते. अतिरक्तस्रावासारखे त्रास ती जरूर देते, पण तिचा कॅन्सर जवळजवळ कधीच होत नाही. केवळ त्या भीतीपोटी गर्भाशय काढायला निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे ठासून लिहिते आहे.

मोठ्या आतड्यातल्या पॉलिपची गोष्ट वेगळी. अस्तरावर चामखिळीसारखा उगवणारा अ‍ॅडिनोमा हीसुद्धा साधी गाठच, पण तिच्या पेशींची घडी आधीच थोडी विस्कटलेली असते. एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० साली तिचा पुढचा प्रवास पायरीपायरीने मांडला. बहुतेकदा आधी ‘एपीसी’ हे वाढीला आवर घालणारं जनुक निकामी होतं. मग ‘केरास’ बिघडतं आणि पेशीला ‘वाढ’ असा हुकूम सतत मिळत राहतो. पुढे ‘पी५३’ जातं. खराब झालेल्या पेशीला थांबवणं, नाहीतर मरायला लावणं हे त्याचं काम. या साखळीला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो, आणि बहुतेक पॉलिप शेवटपर्यंत पोचतच नाहीत.

मग कॅन्सर नेमका कधी म्हणायचा? पेशी वेस ओलांडते तेव्हा. आतड्याच्या अस्तराच्या तळाशी स्नायूचा एक पातळ थर असतो. त्याच्या वरच्या बाजूला लसीकावाहिन्या जवळपास नसतातच, त्यामुळे तिथल्या बिघडलेल्या पेशीला बाहेर पडायला वाट नसते. थर भेदून ती खाली उतरली की रक्ताच्या आणि लसीकेच्या वाहिन्या तिला खुल्या होतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली शोधतो ती हीच घुसखोरी. कोलोनोस्कोपीत तारेच्या फासाने पॉलिप वेळीच कापून काढला, तर ही वाटच उरत नाही.

‘साधी’ या शब्दाला एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमाची गाठ बहुधा साधी असते, कुठे पसरत नाही. पण कवटीत जागाच नसल्याने ती नुसत्या दाबानेही दृष्टी घालवू शकते.

आतड्यातून निसटलेली पेशी पुष्कळदा यकृतात जाऊन पोचते. त्या परक्या मुलखात ती तग कशी धरते, ते पुढच्या आठवड्यात.