पहिला श्वास आणि मिठाची दारे

बाळ जन्मताच रडले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या रडण्यामागे बाळाच्या शरीरात कोणते स्थित्यंतर घडते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना ठाऊक असावे, या हेतूने हे टिपण देत आहोत.

गर्भाशयात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. हा द्रव ती स्वतःच स्रवतात आणि त्यानेच त्यांची वाढ होते. जन्मल्यावर मात्र त्याची जागा हवेने घ्यावी लागते. जन्ममार्गात छाती दाबली जाऊन सारे पाणी बाहेर पडते, हा समज अपुरा आहे. पहिल्या श्वासांच्या जोराइतकेच महत्त्वाचे काम फुप्फुसाच्या अस्तरातील अतिसूक्ष्म दारे करतात. त्यांना सोडियम चॅनेल म्हणतात. प्रसूतीच्या कळांबरोबर बाळाच्या रक्तात ॲड्रिनॅलिन वाढते व ही दारे उघडतात. सोडियम पेशींत शिरून रक्ताकडे जाते आणि त्यामागोमाग पाणीही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या दारांचा मुख्य घटक नसलेली उंदराची पिल्ले, फुप्फुसातील पाणी न हटल्याने, जन्मानंतर ४० तासांच्या आत दगावली.

हीच दारे मूत्रपिंडातही असतात. लघवीत चाललेले मीठ अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या आज्ञेने ती परत घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही व्यवस्था कच्ची असते. मीठ वाहून जाते व वजन वाढत नाही. म्हणूनच अशा बाळाच्या रक्तातील सोडियम आम्ही वारंवार तपासतो. तपासणीसाठी पुनःपुन्हा रक्त घेतल्याने नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये.

यावरून कुटुंबीयांना तीन विनंत्या आहेत. वैद्यकीय निकड नसताना, केवळ मुहूर्त साधण्यासाठी, ३९ आठवड्यांपूर्वी सिझेरियनचा आग्रह धरू नये. कळांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसात पाणी राहून धाप लागण्याचा धोका अधिक असतो. दुसरे, ३४ आठवड्यांपूर्वी कळा सुरू झाल्यास गर्भवतीला तत्काळ जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे मिळणारे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन बाळाची फुप्फुसे व ही दारे लवकर परिपक्व करते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या सूचनांनुसार पहिली मात्रा मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वीच देता येते. देवरी, सालेकसा यांसारख्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या मातांसाठी ही सोय मोलाची आहे.

तिसरे, घरी गेल्यावर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. ते ६० किंवा अधिक भरल्यास पुन्हा मोजावेत. तेवढेच आढळल्यास, किंवा छाती आत ओढली जात असल्यास, विलंब न करता रुग्णालयात आणावे. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले आणि बालमृत्यू घटल्याचे १९९९ साली जगासमोर मांडले. श्वास मोजणे हा त्याच शिक्षणाचा भाग होता.

नवजात कक्षातील प्राणवायू व रक्ततपासण्या आपल्या देणगीवर चालतात, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वरील माहिती आपण आपल्या गावातील प्रत्येक गर्भवतीच्या घरी पोहोचवावी, ही नम्र विनंती.